वजा अकरा अंश

माझ्यावर पक्षपाताचा आरोप पहिल्यांदा झाला तेव्हा मी हसले. दुसऱ्यांदा चिडले. तिसऱ्यांदा झाला तेव्हा सरकारने त्यासाठी एक यंत्रच काढलं, आणि ते बांधून घ्यायला ज्या पहिल्या बारा जणांना बोलावणं आलं त्यांत माझं नाव होतं.

मी कुंदा झाडे. नागपूरच्या एका शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर एका साप्ताहिकात शाळेच्या टॅबची परीक्षणं लिहू लागले. दप्तरातून वह्या हद्दपार होऊन आता सहा वर्षं झालीत. पाचवीत गेलेल्या प्रत्येक मुलाच्या हातात टॅब असतो, आणि तो कोणता असावा यावरून आमच्याकडे जेवढी भांडणं होतात तेवढी निवडणुकीतही होत नाहीत. एकीकडे ‘आर्को’. परदेशी, पातळ, देखणा, हातात घेतला की आपणच जरा श्रीमंत झालो असं वाटावं असा. दुसरीकडे ‘पळस’. नागपूरशेजारी बुटीबोरीला तयार होणारा, जाडजूड, भर उन्हात अंगणात बसूनही नीट वाचता येणारा. आर्कोवाले पळसवाल्यांना गावंढळ म्हणतात, पळसवाले त्यांना शायनर म्हणतात. आमच्या सोसायटीत यावरून दोन घरांनी एकमेकांकडे हळदीकुंकवाला जाणं बंद केलंय.

आणि पळस बनवते ती मृणाल झाडे, माझी एकुलती एक मुलगी.

हे मी कधी लपवलं नाही. प्रत्येक परीक्षणाच्या वर, पहिल्याच ओळीत, ‘हा टॅब माझ्या मुलीच्या कंपनीचा आहे’ असं मी लिहीत आले. त्याचा उपयोग शून्य. शंभरपैकी आर्कोला ऐंशी आणि पळसला त्र्याहत्तर दिले, तर वर्धेहून एका आर्कोवाल्याचं पत्र आलं, ‘बाई, त्र्याहत्तर कशाचे? लेकीच्या टॅबला साठसुद्धा जास्त होतात.’ त्याच डाकेत भंडाऱ्याच्या एका पळसवालीने विचारलं होतं, की आर्कोच्या लोकांनी मला परदेशवारी घडवली ती कोणत्या महिन्यात. मी आयुष्यात बालाघाटच्या पलीकडे गेलेली नाही.

माझं म्हणणं होतं की मी अगदी काट्यावर तोलून लिहिते. शिक्षकाच्या जातीला ही खात्री फार. मृणाल सातवीत माझ्याच वर्गात होती तेव्हा ती मला वर्गात ‘आई’ नाही, ‘बाई’ म्हणायची, आणि तिचा पेपर तपासताना मी चष्मा पुसून बसायची. उत्तर बरोबर असलं तरी आकृतीच्या रेघा नीट नाहीत म्हणून एखादा गुण कापायचाच. शिक्षकखोलीत कोणी बोट दाखवू नये, एवढंच मनात असायचं. आमच्या शाळेत सगळेच शिक्षक आपल्या मुलांशी असंच वागत आणि त्याचा सगळ्यांना अभिमान होता.

पळसचे गुणही मी तसेच कापत असे, आणि ते मला तेव्हा कळत नव्हतं. कोपरा तळहाताला टोचतो, दोन गुण वजा. वेष्टनाचा केशरी रंग डोळ्यांत खुपतो, दोन गुण वजा. चालू करताना वाजणारी घंटी पोरकट आहे, एक गुण वजा. आणि जाडी. जाडीबद्दल तर मी तीन वर्षं सलग लिहिलं. मृणाल दर रविवारी घरी जेवायला यायची, माझं परीक्षण वाचलं असेल तरी विषय काढायची नाही, आणि वाटीभर पाटवडीचा रस्सा जास्तीचा मागून घ्यायची. आमचे हे मात्र टोमणा मारायचे, “बाई, पोरीच्या पानात तरी पूर्ण मार्क वाढा.”

*

त्या यंत्राला ‘कलमापक’ म्हणतात. ते घेऊन डॉ. शर्वरी उमाठे जानेवारीत नागपूरला आल्या. पन्नाशीच्या, गोल चेहऱ्याच्या, बोलताना हातातला पेन कानात घालायची सवय असलेल्या बाई. शास्त्रज्ञ म्हणून मला त्या लगेच आवडल्या, कारण त्यांना आपलं काम सोप्या शब्दांत सांगता येत होतं.

“आपल्याला एखादी वस्तू आवडली की नाही, हे आपल्या आधी आपल्या शरीराला कळतं,” त्या म्हणाल्या. “बुबुळ किंचित मोठं होतं. तळहाताला बारीक घाम येतो. बोट पुढच्या कामाकडे जाताना अडखळत नाही. प्रत्येकाचं हे वेगळं असतं. म्हणून आधी आम्ही तुम्हाला चाळीस साध्या वस्तू देतो. टॉर्च, नेलकटर, लिंबू पिळायचं यंत्र. त्यावरून तुमच्या शरीराची भाषा यंत्र शिकतं. मग नाव झाकलेले टॅब देतो, सगळे एकसारख्या राखाडी खोळीत. तुमचं शरीर त्यांना गुण देतं.”

“आणि मी?”

“तुम्ही नंतर नावं उघडी ठेवून, नेहमीसारखं परीक्षण लिहायचं. शरीराचे गुण आणि लेखणीचे गुण यांत जेवढं अंतर, तेवढा तुमचा कल. अंशांत मोजतो. एखाद्याला झुकतं माप दिलं तर अधिक, हात आखडता घेतला तर वजा. काही अंतर नसलं तर शून्य.”

हा आकडा यापुढे प्रत्येक परीक्षणाखाली छापायचा, असा नियम झाला होता. शिवाय कल वजा करून जे उरतील ते ‘दुरुस्त गुण’ शेजारी ठळक अक्षरांत द्यायचे.

जिल्हा परिषदेच्या सभागृहात, चोवीस अंशांच्या गारेगार हवेत, मी मनगटाला पट्टा बांधून दिवसभर बसले. संध्याकाळी नव्या पळसचं आणि नव्या आर्कोचं परीक्षण लिहून दिलं. यंदाचा पळस आधीपेक्षा बराच पातळ होता. तरी मी त्याला त्र्याहत्तरच दिले, आर्कोला ऐंशी. अख्ख्या विदर्भाची पैज लागली होती ती एवढ्यावरच, की झाडे बाईंचा लेकीकडे कल किती निघतो. दहा अंश की वीस.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. आर्कोसाठी माझा कल शून्य. पळससाठी वजा अकरा. म्हणजे नाव झाकलेलं होतं तेव्हा माझ्या डोळ्यांनी आणि बोटांनी पळसला चौऱ्याऐंशी गुण दिले होते, आणि नाव दिसताच माझ्या लेखणीने त्यातले अकरा कापले होते.

मी तो कागद तीनदा वाचला आणि पलंगावर जाऊन बसले. यांना म्हटलं, “मी आपल्याच पोरीशी वाईट वागले हो.” त्यांनी पाण्याचा ग्लास आणून दिला.

मृणाल रविवारी आली ती अहवाल घेऊनच. मला वाटलं, विजयी मुद्रेने येईल, चिडवेल. ती चप्पल काढून सरळ स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

“तीन वर्षं मी समजून राहिली होती, का मीच कुठे तरी कमी पडून राहिली,” ती म्हणाली. “दर वेळी तुझं परीक्षण भिंतीवर लावायची मी कारखान्यात. त्यातला एक एक मुद्दा घेऊन बसायचो आम्ही सगळे. आणि तुला तर आवडून राहिला होता तो!”

मी म्हटलं, “पाटवडी केली आहे. जेवून घे.”

ती जेवली. पण रस्सा मागून घेतला नाही.

*

आकडा छापून आल्यावर वारं फिरलं. विदर्भातल्या अकरा जिल्ह्यांच्या शाळा एकत्र मिळून टॅब निवडणार होत्या, आणि त्यांच्या समितीपुढे आता दुरुस्त गुण होते. पळस चौऱ्याऐंशी, आर्को ऐंशी. जूनच्या आधी अंतिम परीक्षण लिहायचं तेही माझ्याकडेच होतं. बुटीबोरीला दोन पाळ्या सुरू झाल्या. मृणाल रविवारी यायची, पण फोन कानालाच असायचा. माझ्याशी बोलायची ते हवापाण्याचं.

मी ठरवलं होतं की अंतिम परीक्षणात सगळं भरून काढायचं. मे महिन्यात पापड-कुरडया वाळत घालायला गच्चीवर आमची टिनाची शेड आहे, तिथे खुर्ची टाकली. खेड्यातल्या अर्ध्या शाळांवर टिनंच आहेत, तेव्हा टॅब मी नेहमी तिथेच तपासते. डोक्याला दुपट्टा बांधला, शेजारी माठ ठेवला. शेचाळीस अंश होते. दुपारी दोन वाजता मी पळसवर सातवीच्या मुलीसारखी गणितं सोडवायला बसले.

सात गुणिले आठ, छप्पन्न. लिहिलं आणि हात उचलला. खालच्या कोपऱ्यातून एक रेघ आपोआप निघाली आणि माझ्या छप्पन्नावरून आरपार गेली.

मला वाटलं, माझाच हात लागला. खोडलं, पुन्हा लिहिलं. वीस गणितांपैकी अकरांवर रेघ आली. बरोबर उत्तर चूक म्हणून कापलेलं. आर्को शेजारीच होता, तो भट्टीसारखा तापला होता, बाहेरच्या उन्हाच्या चकाकीत त्यावरचं काही दिसत नव्हतं, पण लिहिलेलं तसंच राहत होतं.

कारण कळायला मला वेळ लागला नाही. काचेखाली तारांची एक बारीक जाळी असते. बोट जवळ आलं की जाळीतला थोडा विद्युतभार बोटाकडे ओढला जातो, आणि कुठे स्पर्श झाला ते टॅबला कळतं. काच आणि जाळी यांच्यात गोंदाचा थर असतो. तो उन्हाने मऊ झाला तर काच दबते, अंतर कमी होतं, आणि बोट नसताना जाळीला बोट आल्यासारखं वाटतं. जानेवारीतल्या त्या गार सभागृहात हे कुणाला दिसणार? शेचाळीस अंशांच्या मुलखातले टॅब आम्ही चोवीस अंशांत तपासले होते, आणि त्या हवेत मला इतकं छान वाटत होतं की कोणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्याही नाही.

मी मृणालला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे यंत्रांची घरघर चालू होती.

“आई,” ती म्हणाली, “हे पण वजा अकराच आहे का?”

“मृणाल, मी माझ्या डोळ्यांनी...”

“तुझ्या डोळ्यांना तर तो आवडते. तुझ्या लिहिण्याला नाही आवडत. मी आता कोणाचं ऐकू, सांग ना?” आणि तिने फोन ठेवला.

मला रडू आलं, आणि रागही आला, आणि त्या दोन्हींत ती बरोबर आहे हेही कळत होतं. इतकी वर्षं नसलेले दोष काढले. आता खरा दोष सापडला तर तो सांगायला माझ्याकडे तोंड उरलं नव्हतं. मी छापलं असतं तरी लोकांनी त्यात अकरा मिळवले असते आणि पुढे गेले असते. न छापावं, तर मुलांची बरोबर उत्तरं कापली जाणार होती, आणि पुढल्या उन्हाळ्यात पहिली शिवी बसणार होती ती माझ्या मुलीला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बेल वाजली. मृणाल उभी होती, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, चेहरा लाल. आत न येता ती तशीच जिन्याने गच्चीवर गेली. मी माठातलं पाणी घेऊन मागोमाग गेले.

ती खुर्चीत बसली, पळस मांडीवर घेतला आणि लिहायला लागली. पाचव्या गणितावर रेघ आली. सातव्यावर आली. तिने बोट उचलून धरलं, आणि रेघ तिच्या डोळ्यांदेखत सरकत गेली. तिने टॅब उलटा करून कडेवरून नख फिरवलं.

“गोंद बदलला ना यंदा,” ती हळूच म्हणाली. “आधी काच पट्ट्यांनी कसून बसवत होतो. जाड होत होता. पट्ट्या काढल्या, पातळ गोंद घेतला.”

“का बरं काढल्या?”

तिने माझ्याकडे पाहिलं. “तू तीन वर्षं जाडी, जाडी करून राहिली होती ना.”

शेडमध्ये वारा नव्हता. मी खाली टिनाच्या डब्यावर बसले. आपण किती लहान माणूस आहोत हे मला त्या दिवशी जेवढं कळलं तेवढं कधी कळलं नव्हतं.

“जाडीने मला काहीच त्रास नव्हता गं,” मी म्हटलं. “मला तो जाडच आवडायचा. हातातून निसटत नाही, पोरांनी आपटला तरी फुटत नाही. लोक काय म्हणतील म्हणून मी गुण कापायला काहीतरी शोधत होते. सातवीतही तेच केलं. चूक झाली माझी, मृणाल. फार मोठी चूक झाली.”

ती टॅबकडेच बघत होती. “मला वाटलं, तू मला कधी पाहतच नाहीस. नुसती तपासतेस.”

“पाहते. फार पाहते. म्हणूनच घाबरते.”

तिने दुपट्ट्याने तोंड पुसलं, घाम का डोळे ते मला कळलं नाही. मग पाण्याचा गडू उचलून एका दमात रिकामा केला. “लिही,” ती म्हणाली. “सगळं लिही. रेघही लिही.”

“लोक त्यात अकरा मिळवतील.”

“मग असं लिही का मिळवता येणार नाही.”

*

मी सकाळी अंघोळ करून कलमापकाचा पट्टा बांधला आणि बसले. यंत्राला आता माझ्या शरीराची भाषा येत होती, लिहिता लिहिताच ते प्रत्येक वाक्य ताडून बघणार होतं. कागदावर काही लपवायचं नाही, एवढंच ठरवलं होतं. पहिलं वाक्य लिहायला पाऊण तास लागला. ते असं होतं, ‘पळस माझ्या मुलीने बनवला आहे आणि मला तो फार आवडतो.’ पुढे का आवडतो ते लिहिलं. उन्हात अक्षरं दिसतात. लहान हाताला पेलतो. घंटी वाजते तेव्हा मला दर वेळी हसू येतं. मग लिहिलं की शेचाळीस अंशांना यंदाचा पळस बरोबर उत्तर स्वतःच कापतो, वीसपैकी अकरा वेळा, आणि तो दुरुस्त होईपर्यंत एकाही मुलाला देऊ नये. हेही लिहिलं की पट्ट्या काढायला लावणारी मीच होते, माझी तक्रार खोटी होती, आणि त्या पट्ट्या परत लावाव्यात.

दोन दिवसांनी डॉ. उमाठेंचा फोन आला. “झाडे बाई, यंत्र बिघडलं असेल म्हणून मी दोनदा तपासलं. शून्य आहे. एक अंशसुद्धा इकडे-तिकडे नाही.”

“अहो, पण मी तर त्यात लेकीचं कौतुक केलंय.”

“यंत्राला कौतुकाचं काही नसतं. मनात काय आणि कागदावर काय, यांतलं अंतरच ते मोजतं. तुम्ही या वेळी ते ठेवलंच नाहीत.” पलीकडे पेन कानात गेला असावा, त्या जरा थांबल्या. “माझा मुलगा चित्रं काढतो,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.

अंक निघाला त्या दिवशी पत्रांचा पूर आला. वर्धेच्या त्या गृहस्थांनी लिहिलं, ‘आता तर हद्द झाली, उघडउघड लेकीचं गुणगान! आणि म्हणे शून्य!’ भंडाऱ्याच्या बाईंनी लिहिलं, की आर्कोने मला या वेळी युरोपला नेलेलं दिसतं. यांनी दोन्ही पत्रं मोठ्याने वाचून दाखवली आणि आम्ही पोट धरून हसलो.

समितीने मात्र परीक्षण नीट वाचलं. मृणालने स्वतःहून कळवलं की पट्ट्या परत लावून, उन्हात तपासून द्यायला तिला चार महिने लागतील. शाळा चार महिने थांबू शकत नव्हत्या. अकरा जिल्ह्यांनी यंदासाठी आर्को निवडला. बुटीबोरीची दुसरी पाळी बंद झाली.

रविवारी मृणाल येणार नाही असंच मी धरून चालले होते. ती आली. हातपाय धुऊन पाटावर बसली आणि म्हणाली, “वाढ ना.”

मी वाढलं. “माझ्यामुळे गेलं तुझं काम,” मी म्हटलं.

“हो. तुझ्यामुळेच गेलं,” ती म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही, ते तिने माझ्याकडूनच घेतलंय. “लोकांना घरी पाठवावं लागलं मला. त्यांना तोंड दाखवायला मला लाज वाटून राहिली होती. पुढच्या वर्षी पाहू.” तिने एक घास खाल्ला. मग रश्शात बोट फिरवत बसली. “परीक्षण कारखान्याच्या भिंतीवर लावलं आहे. सगळ्यांनी वाचलं. पण आई, ते तू लिहिलं. लिहिणं वेगळं असते.”

“मग?”

“तोंडाने म्हण ना एकदा.”

सत्तावीस वर्षं मी वर्ग दणाणून सोडला. शेवटच्या बाकावरच्या मुलालाही माझा आवाज ऐकू जायचा. आणि आता माझ्या स्वयंपाकघरात, माझ्याच मुलीपुढे, घशातून आवाज निघेना. मी पळी पातेल्यात ठेवली, पदराला हात पुसले आणि तिच्यासमोर बसले.

“तू फार चांगलं काम करतेस, मृणाल,” मी म्हटलं. “मला तुझा फार अभिमान आहे. पहिल्यापासून आहे.”

ती मान खाली घालून बसली होती. तिच्या ताटात एक थेंब पडला.

“ऐकू नाही आलं,” ती म्हणाली.

मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने.